मसल कारचा क्लच आणि गिअरबॉक्स : जुळणाऱ्या सुट्या भागांचा शोध

अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या मोटार उद्योगाने १९६४ ते १९७३ या दशकभरात एका वेगळ्याच जातीची वाहने रस्त्यावर आणली. मध्यम आकाराची, दोन दारांची, तरुणांच्या खिशाला परवडेल अशी मोटार घ्यायची आणि तिच्यात एरवी मोठ्या गाडीत शोभणारे व्ही-८ इंजिन बसवायचे, असे त्यामागचे साधे सूत्र होते. पाँटियाक कंपनीने १९६४ साली आपल्या टेंपेस्ट या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन देऊ केले. जीटीओ या नावाने ती गाजली आणि या परंपरेचा आरंभ सामान्यतः तिच्यापासून मानला जातो. पुढे शेव्हेल, मस्टँग, रोड रनर, चॅलेंजर अशी नावे तिला येऊन मिळाली. 'मसल कार' ही संज्ञा रूढ झाली ती या मोटारींच्या बळावरूनच. १९७० चा शुद्ध हवेचा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या पर्वाची अखेर केली.

या मोटारी आज पन्नास ते साठ वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांचे गंजलेले पत्रे बदलता येतात, आसने नव्याने शिवता येतात. खरी परीक्षा होते ती क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या दुरुस्तीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की गाडीचे नाव आणि साल सांगितले म्हणजे दुकानदार योग्य भाग काढून देईल. प्रत्यक्षात नाव आणि साल यांवरून मिळते ते केवळ अनुमान. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतचा प्रत्येक भाग जुळावा लागतो तो त्याच्या शेजारच्या भागाशी. म्हणून गाडीत आज प्रत्यक्ष काय बसवलेले आहे हे ओळखणे आणि मोजणे, हीच या शोधाची पहिली पायरी होय.

गोंधळाची कारणे

या गोंधळाचे मूळ त्या काळच्या उत्पादनपद्धतीत आहे. जनरल मोटर्स ही एक कंपनी असली, तरी तिचे शेव्हरोले, पाँटियाक, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक हे विभाग आपापली इंजिने स्वतंत्रपणे बनवीत. इंजिनाच्या मागील बाजूस गिअरबॉक्सचे आवरण जोडणाऱ्या बोल्टांची मांडणी शेव्हरोलेची वेगळी आणि उरलेल्या तिघांची वेगळी होती. त्यामुळे पाँटियाक जीटीओ आणि शेव्हरोले शेव्हेल या दोन्ही गाड्यांत एकाच कारखान्यातील चार गतींचा गिअरबॉक्स असला, तरी एकीचे बेलहाउसिंग दुसरीच्या इंजिनाला बसत नाही.

दुसरे कारण वर्षाच्या मध्येच होणारे बदल. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली आणि अगदी आरंभीच्या गाड्यांचीही नोंद १९६५ चे मॉडेल म्हणूनच झाली. तथापि, पहिल्या काही महिन्यांतील व्ही-८ इंजिनांना बेलहाउसिंग पाच बोल्टांनी जोडलेले असे. ऑगस्ट १९६४ च्या सुमारास ही संख्या सहा झाली. म्हणजे कागदोपत्री एकाच सालच्या दोन मस्टँग गाड्यांना एकमेकींचे बेलहाउसिंग चालत नाही.

तिसरे कारण सर्वांत अवघड. या गाड्या वेगासाठी घेतल्या गेल्या आणि वेगासाठीच वापरल्या गेल्या. इंजिने फुटली, गिअरबॉक्स निकामी झाले, आणि मालकांनी जे मिळेल ते बसवले. अर्धशतकात पाच-सात हात बदललेल्या गाडीत मूळचे किती उरले आहे, हे तिच्या कागदपत्रांवरून सहसा कळत नाही.

शक्तीची साखळी

जुळणी म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी शक्ती कोणत्या मार्गाने जाते ते पाहावे लागेल. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक बोल्टांनी घट्ट केलेले असते. त्याच्या कडेवरील दात्यांत स्टार्टरचा छोटा गिअर अडकतो आणि इंजिन सुरू होते. फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बसते आणि त्या दोहोंमध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटच्या मधल्या छिद्रात उभ्या खाचा असतात. त्यांना स्प्लाइन म्हणतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील खाचा त्यांत बसतात. या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमधील पायलट बुशमध्ये टेकते. चालकाने पेडल दाबले, की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते आणि क्लच प्लेट मोकळी होते. या सर्वांभोवती घंटेच्या आकाराचे बेलहाउसिंग असते. गिअरबॉक्सच्या मागून निघालेला आउटपुट शाफ्ट प्रोपेलर शाफ्टला फिरवतो आणि तिथून गती मागच्या आसाकडे जाते.

या साखळीत सात-आठ सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याला स्वतःचे माप आहे. सहा सांधे जुळले आणि सातवा चुकला, तर गाडी चालत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे काही दिवस चालते आणि मग महागडा भाग मोडून पडते.

मन्सीचे उदाहरण

जनरल मोटर्सचा चार गतींचा प्रसिद्ध गिअरबॉक्स इंडियाना राज्यातील मन्सी या गावी १९६३ ते १९७४ या काळात तयार झाला आणि गावाच्याच नावाने ओळखला गेला. त्याचे एम-२०, एम-२१ आणि एम-२२ असे तीन प्रकार होते. एम-२० च्या पहिल्या गिअरचे प्रमाण आरंभी २.५६ आणि १९६६ पासून २.५२ होते. एम-२१ आणि एम-२२ यांचे प्रमाण २.२० होते. एम-२२ मधील दाते कमी तिरपे कापलेले असल्याने तो अधिक भार सोसत असे, परंतु आवाजही मोठा करी. म्हणूनच त्याला 'रॉक क्रशर', म्हणजे खडी फोडणारे यंत्र, असे टोपणनाव पडले.

तिन्ही प्रकार बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. फरक कळतो तो मोजल्यावर. १९७० पर्यंतच्या बहुतेक मन्सींच्या इनपुट शाफ्टवर १० स्प्लाइन आणि आउटपुट शाफ्टवर २७ स्प्लाइन आढळतात. १९७१ पासून हे आकडे अनुक्रमे २६ आणि ३२ झाले. एम-२२ मध्ये मात्र २६ स्प्लाइनचा शाफ्ट त्याआधीही दिसतो. दोन्ही इनपुट शाफ्टांचा व्यास १.१२५ इंचच असल्याने नुसत्या व्यासावर विसंबून मागवलेली क्लच प्लेट हमखास चुकते. खाचा मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. मागच्या बाजूलाही तोच नियम. २७ स्प्लाइनला टर्बो ३५० या स्वयंचलित गिअरबॉक्सचा योक चालतो, तर ३२ स्प्लाइनला टर्बो ४०० चा. प्रोपेलर शाफ्टचे पुढचे टोक निवडताना ही माहिती उपयोगी पडते.

गिअरबॉक्सच्या आत शिरायचे असेल, तर आणखी एक माप लक्षात ठेवावे लागते. आतील काउंटर गिअर ज्या पिनवर फिरतो, तिचा व्यास १९६५ पर्यंत ०.८७५ इंच होता. १९६६ पासून तो १ इंच झाला. त्यामुळे जुन्या आवरणात नव्या काळाचा गिअरसंच थेट बसत नाही.

फ्लायव्हील, स्टार्टर आणि तोल

शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनांना दोन आकारांची फ्लायव्हील लागतात. एक १५३ दात्यांचे, सुमारे १२.७५ इंच व्यासाचे. दुसरे १६८ दात्यांचे, सुमारे १४ इंच व्यासाचे. लहान फ्लायव्हीलवर साधारणतः १०.४ इंचांचा क्लच बसतो, तर मोठ्यावर ११ इंचांचाही बसू शकतो. परंतु मोठे फ्लायव्हील सामावण्यासाठी बेलहाउसिंगही मोठे लागते. ३८९९६२१ हा ओतीव क्रमांक असलेले बेलहाउसिंग मोठ्या फ्लायव्हीलचे, तर ३८५८४०३ क्रमांकाचे लहान फ्लायव्हीलचे. जाणकार मंडळी शेवटच्या तीन अंकांवरून त्यांना '६२१' आणि '४०३' म्हणतात. दात्यांची संख्या बदलली की स्टार्टरही बदलावा लागतो, कारण त्याच्या बोल्टांची मांडणी दोहोंसाठी निराळी आहे. क्लच मोठा करण्याच्या एका निर्णयासोबत फ्लायव्हील, बेलहाउसिंग आणि स्टार्टर असे तीन भाग ओढले जातात ते असे.

याहून छुपा प्रश्न तोलाचा आहे. काही इंजिनांचा तोल आतल्या आतच साधलेला असतो, तर काहींत तोलाचे थोडे वजन मुद्दाम फ्लायव्हीलवर ठेवलेले असते. शेव्हरोलेची ३९६ आणि ४२७ घनइंचांची इंजिने पहिल्या प्रकारची, तर ४५४ दुसऱ्या प्रकारचे. ३९६ चे फ्लायव्हील ४५४ ला बोल्टांनी विनातक्रार बसते. इंजिन सुरूही होते. मात्र थरथर थांबत नाही आणि कालांतराने क्रँकशाफ्टचे बेअरिंग खराब होतात. फोर्डच्या छोट्या व्ही-८ इंजिनांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. साठ-सत्तरच्या दशकांतील २८९ आणि ३०२ इंजिनांचे फ्लायव्हील २८ औंस तोलाचे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून ३०२ साठी ते ५० औंसांचे झाले. जुन्या मस्टँगमध्ये नंतरचे इंजिन बसवलेले असेल, तर फ्लायव्हील गाडीच्या सालाप्रमाणे नव्हे, तर इंजिनाच्या सालाप्रमाणे घ्यावे लागते.

फोर्ड आणि क्रायस्लर

फोर्डचा चार गतींचा 'टॉपलोडर' गिअरबॉक्स १९६४ सालच्या मॉडेलांपासून आला. त्याचे झाकण वरच्या बाजूस असल्याने हे नाव पडले. छोट्या इंजिनांसाठीच्या टॉपलोडरचा इनपुट शाफ्ट १.०६२५ इंचांचा, तर ४२८ कोब्रा जेट यांसारख्या मोठ्या इंजिनांसाठीचा १.३७५ इंचांचा असे. दोन्हींवर स्प्लाइन मात्र १०च. म्हणजे मन्सीच्या बाबतीत व्यास फसवतो, तर टॉपलोडरच्या बाबतीत खाचांची संख्या फसवते. मोजताना दोन्ही मापे घ्यावीत, हा धडा या दोन उदाहरणांतून एकदमच मिळतो. फोर्डच्या छोट्या व्ही-८ साठी फ्लायव्हीलही १५७ आणि १६४ दात्यांची अशी दोन प्रकारची आहेत आणि त्यांची बेलहाउसिंग वेगवेगळी आहेत.

क्रायस्लरचा ए-८३३ हाही १९६४ चाच. त्याच्या सामान्य आवृत्तीत २३ स्प्लाइनचा इनपुट शाफ्ट असतो. १९६६ पासूनच्या ४२६ हेमी या बलाढ्य इंजिनासाठी मात्र १८ जाड स्प्लाइनचा शाफ्ट वापरला गेला. शिवाय समोरच्या बेअरिंगच्या आवरणाचा व्यास इंजिनागणिक बदलतो. हे आवरण बेलहाउसिंगच्या मधल्या छिद्रात घट्ट बसावे लागते, कारण गिअरबॉक्स मध्यभागी धरून ठेवण्याचे काम तेच करते. तेथे सैलपणा राहिला, तर बोल्ट कितीही आवळले तरी उपयोग होत नाही.

ओळख पटवणारे क्रमांक

सुदैवाने या धातूंवर त्यांची जन्मनोंद कोरलेली असते. मन्सीच्या आवरणावरील ओतीव क्रमांक काळ सांगतो. ३८५१३२५ हा १९६४-६५ चा, ३८८५०१० हा १९६६-६७ चा, ३९२५६६० हा साधारणतः १९६८ ते १९७० चा आणि ३९२५६६१ हा त्यानंतरचा. याखेरीज ठोकून उमटवलेला एक संकेतही असतो. 'पी ९ आर १५ बी' असा संकेत दिसला, तर 'पी' म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ म्हणजे १९६९, 'आर' म्हणजे ऑक्टोबर, १५ हा दिनांक आणि 'बी' म्हणजे एम-२१. शेवटचे अक्षर १९६९ सालच्या मॉडेलांपासून दिसते. 'ए' एम-२० साठी आणि 'सी' एम-२२ साठी. टॉपलोडरच्या बाबतीत मागील भागाच्या बोल्टला अडकवलेली धातूची पट्टी पाहावी. तिच्यावर 'आरयूजी' या अक्षरांनी सुरू होणारा संकेत असतो.

१९६८ च्या सुमारापासून गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही उमटवला जाऊ लागला. हे क्रमांक गाडीशी जुळले, तर तिला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात आणि संग्राहकांच्या बाजारात तिची किंमत लक्षणीय वाढते. अर्थात, जिथे किंमत आहे तिथे बनावटही येते. खोटे क्रमांक ठोकलेली आवरणे बाजारात फिरतात. शिवाय आवरण खरे असले, तरी आतले गिअर पूर्वीच कुणी बदललेले असू शकतात. म्हणून इनपुट शाफ्ट हाताने फिरवून आउटपुट शाफ्टचे फेरे मोजणे आणि त्यावरून गिअरचे प्रमाण पडताळणे हा जुना उपाय आजही विश्वासार्ह आहे.

लहान भाग, मोठे नुकसान

रिलीज बेअरिंग हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. परंतु जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी तो आखूड आणि लांब अशा दोन उंचींत मिळतो. प्रेशर प्लेटची बोटे वर उचललेली असतील तर आखूड, सपाट असतील तर लांब, असा सर्वसाधारण नियम आहे. उलट निवड झाली, तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा पूर्ण धरत नाही. अनेक जण दोष गिअरबॉक्सला देतात आणि तो विनाकारण उघडला जातो. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि बेअरिंग एकाच संचातील घेतल्यास हा धोका टळतो.

पायलट बुशही तसाच दुर्लक्षित. ते कांस्याचे असावे. चुंबक चिकटला, तर त्यात लोखंडाची भेसळ आहे असे समजावे. असे बुश शाफ्टचे टोक खरवडू शकते.

तिसरी बाब मध्यरेषेची. बेलहाउसिंगचे छिद्र क्रँकशाफ्टच्या मध्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. मध्यापासूनचा ढळ ०.००५ इंचाहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा संकेत आहे. हा ढळ डायल इंडिकेटर या उपकरणाने मोजतात. तो अधिक आढळल्यास ०.००७, ०.०१४ किंवा ०.०२१ इंच मध्य सरकवलेल्या खास पिना बसवून दुरुस्त करतात. दुसऱ्या गाडीचे बेलहाउसिंग आणले असेल, तर ही तपासणी टाळू नये. गिअर आपोआप निसटणे, बेअरिंग वारंवार जाणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

मूळ की आधुनिक?

मूळ गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक प्रमाणाचा असतो. मागच्या आसाचे प्रमाण ३.७३ आणि चाकाचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते. ०.६८ प्रमाणाचा पाचवा गिअर मिळाला, तर तेच फेरे १,९७० च्या आसपास येतात. आवाज आणि इंधनाचा खर्च दोन्ही घटतात. म्हणूनच अनेक मालक आधुनिक पाच गतींच्या गिअरबॉक्सकडे वळतात.

१९८३ पासून मस्टँगमध्ये आलेल्या टी-५ गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट छोट्या टॉपलोडरप्रमाणेच १.०६२५ इंच आणि १० स्प्लाइनचा आहे. त्यामुळे क्लच प्लेट तीच चालते. तथापि, १९९० च्या दशकारंभी मस्टँगमध्ये बसवलेल्या टी-५ ची क्षमता ३०० फूट-पौंड टॉर्क इतकीच होती. १९७० च्या शेव्हेलमधील ४५४ एलएस-६ इंजिनाचा जाहीर टॉर्क ५०० फूट-पौंड होता. अशा इंजिनामागे टी-५ फार काळ टिकणार नाही, हे सांगायला नको. त्यासाठी ट्रेमेकच्या टीकेएक्ससारखे ६०० फूट-पौंड क्षमतेचे गिअरबॉक्स उपलब्ध आहेत. मात्र त्यांसोबत गिअर दांड्याची जागा, खालचा आधारपट्टा, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि स्पीडोमीटरचा गिअर यांचा पुन्हा मेळ घालावा लागतो. मूळ गिअरबॉक्स विकून न टाकता जपून ठेवावा, असा सल्ला जाणकार देतात तो रास्तच आहे. पत्रा न कापता केलेला बदल पुढे कधीही उलटवता येतो.

सुरक्षेचा विचार

क्लच आणि फ्लायव्हील चालकाच्या पायांपासून हातभर अंतरावर मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतात. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी गाडी विकसित केली आणि शर्यतींचा चेहराच बदलला. रस्त्यावरची गाडी शर्यतीइतकी ताणली जात नाही हे खरे. पण साठ वर्षांपूर्वीचे, अनेकदा घासून पातळ केलेले ओतीव लोखंडी फ्लायव्हील जोरदार इंजिनामागे लावणे धोक्याचेच. एसएफआय मानकाचे पोलादी फ्लायव्हील आणि तशाच मानकाचे पोलादी बेलहाउसिंग हा त्यावरचा उपाय आहे.

जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने बेलहाउसिंग उघडल्यावर हवेच्या झोताने ती उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. गिअरबॉक्सच्या तेलाबाबतही सावधगिरी हवी. जुन्या पितळी सिंक्रोनायझरसाठी जीएल-४ दर्जाचे तेल सुरक्षित मानले जाते. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळाला बाधतात.

कोठे शोधावे, कोणत्या क्रमाने?

भंगार मोटारींच्या व्यवसायात कोणत्या गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीला चालतो, याची 'हॉलंडर इंटरचेंज' ही सूची पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. त्या काळातील जुनी आवृत्ती हाती लागली, तर अर्धे काम होते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी आणि कार्लाइल येथे जुन्या मोटारींच्या भागांचे मोठे मेळावे भरतात. तेथे वस्तू हातात घेऊन मोजता येते, हा त्यांचा मोठा फायदा. मन्सीसारख्या लोकप्रिय गिअरबॉक्सचे गिअर, शाफ्ट आणि आवरणेदेखील आज नव्याने तयार होतात.

खरेदीचा क्रम मात्र चुकवू नये. प्रथम इंजिनाचा ओतीव क्रमांक पाहून ते नेमके कोणते हे ठरवावे. मग तोलाचा प्रकार आणि फ्लायव्हीलचे दाते. त्यानंतर बेलहाउसिंगचा क्रमांक आणि मधल्या छिद्राचा व्यास. पुढे इनपुट शाफ्टचा व्यास आणि स्प्लाइन, शेवटी आउटपुट शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट. ही सर्व मापे एका कागदावर लिहून झाल्यावरच पैसे मोजावेत. विक्रेत्याला 'अडुसष्ठच्या शेव्हेलचा क्लच द्या' असे सांगण्याऐवजी '१६८ दात्यांचे फ्लायव्हील, ११ इंचांचा क्लच, १.१२५ इंच आणि १० स्प्लाइन' असे सांगणाऱ्या ग्राहकाला योग्य वस्तू मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आणि पोस्टाने आलेली वस्तू गाडीखाली झोपून बसवण्याआधी जुन्या भागाशेजारी ठेवून एकदा ताडून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.